मेहबूबचाचांचा जानवसा

अन्याय झाला तो मेहबूबचाचा मंडपवाल्यांवर. गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, श्रीरामपुरातल्या एका मैदानाच्या फाटकावर. जिल्ह्याच्या फुटबॉल साखळीतला सामना होता आणि आम्ही नगरहून आमच्या संघाच्या बाजूनं ओरडायला गेलो होतो. पुढं गेलेले आमचे खेळाडू फाटकावरच्या माणसानं आधीच मोजून आत घेतले होते; आम्हाला पाहून त्यानं फाटक लावलं आणि गजांतून सांगितलं, "पाहुण्या टीमची फक्त पोरं आत. पब्लिक बाहेर."

एवढं मी पत्रकात छापलेलं आहे आणि चौकाचौकात वाटलेलंही आहे. पण एक गोष्ट पत्रकात बसली नाही. फाटक लागल्यावर चाचांनी त्या माणसाला "का?" असं विचारलं नाही. "कुणाच्या हुकमानं?" असंही नाही, ते मी विचारलं, मोठ्यानं. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि अगदी घरच्यासारखं विचारलं,

"बरं. मंग जानवसा कुठाय आमचा?"

जानवसा म्हणजे लग्नात मुलाकडच्या मंडळींना उतरायला दिलेली जागा. फाटकवाल्यानं आधी चाचांकडं पाहिलं, मग आमच्या टेम्पोकडं. टेम्पोला झेंडूचं तोरण होतं, मागं दोन देगच्या होत्या, वर ताशावाला बसलेला होता. तो म्हणाला, "बाबा, हितं मॅच हाय. लगीन मागच्या गल्लीत."

"तिथनंच आलो," चाचा म्हणाले.

ते खरं होतं. पण ते सांगायला आधी चाचा सांगायला हवेत.

नगरात पिवळ्या विहिरीजवळ 'मेहबूब मंडप, बिछायत व आचारी' अशी पाटी आहे. पाटीखाली बांबूंची चळत, कनातींच्या घड्या, पालथ्या घातलेल्या देगच्या, आणि त्यांच्यामध्ये चाचा. साऱ्या जातीधर्मांची लग्नं त्यांनी उभी केली आहेत. कुणाकडं हळद आधी, कुणाकडं मेंदी, कुणाच्या पंगतीत मीठ डाव्या हाताला वाढतात, कुणाचा मामा कधी रुसतो, सगळं पाठ. चाची म्हणतात, "सारी दुनिया सजवतो, घरातला पंखा लावायला मुहूर्त सापडत न्हाई."

आमच्या मोहल्ल्याचा संघ म्हणजे पिवळी विहीर स्पोर्टिंग. साखळीतल्या सर्वांत खालच्या गटात खेळतो. वरच्या गटातल्या संघांना खाली पडायची भीती असते. आमच्या खाली थेट जमीन आहे, त्यामुळं आम्ही निर्भय. असल्या संघाच्या मागं परगावी कोण जातं? कोणीच जात नव्हतं. पोरं एसटीनं जायची, हरायची, एसटीनं यायची. मग एके वर्षी चाचांनी ठरवलं की संघ एकटा जाणार नाही, आणि हे काम त्यांनी त्यांना येत होतं त्याच पद्धतीनं केलं. संघ परगावी निघाला म्हणजे मुलगा लग्नाला निघाला. सोबत जाणारे ते वऱ्हाड. समोरचा संघ म्हणजे मुलीकडचे.

"आणि आपण जिंकलो तर?" मी एकदा विचारलं.

"सून घरी आली."

"हरलो तर?"

"लगीन मोडलं. पन जेवन तर झालंच का न्हाई?"

ही तुलना त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की फुटबॉलचे नियमही ते तिच्यातूनच सांगतात. ऑफसाइड म्हणजे मुहूर्ताच्या आधी अक्षता टाकणं. "टाकल्या, पडल्या, पन धरायच्या न्हाईत." पेनल्टी म्हणजे भर मांडवात एकाची चूक दुसऱ्यानं पकडली. आणि रेफ्री म्हणजे काझी. रेफ्रीला कुणी शिवी घातली की चाचा त्याच्या पाठीत हलकीच चापट मारतात. "काझीशी भांडायचं न्हाई. निकाह त्योच लावनार हाय."

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती सही मागायला. मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, पाण्याचा नळ नाही, आणि हे मागायला मी अर्ज घेऊन दारोदार फिरत होते. चाचांनी अर्ज वाचला नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओरडता येतं का?"

"घोषणा देते मी. मोर्चात."

"मंग झालं. रविवारी टेम्पो सुटतो. तू करवली."

मी म्हटलं, मी करवली नाही, मी कार्यकर्ती आहे.

"तेच की," चाचा म्हणाले. "दोगींचं काम तक्रार करनं."

त्यांनी सही केली, मी टेम्पोत चढले. तेव्हापासून चाचांना माझं नाव आठवत नाही. करवली हेच नाव.

परगावच्या सामन्याची तयारी कशी होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की ही करमणूक नसून व्यवस्था आहे. सामन्याचं गाव कळलं की चाचा एकटे एसटीनं त्या गावी जातात. याला ते 'मुलगी बघायला जाणं' म्हणतात. मैदानाला बाहेरून-आतून फेरी मारतात, सावली कुठल्या बाजूला पडते ते बघतात, पाणी चाखतात, चहाच्या टपरीवर बसून गावची माणसं कशी आहेत ते हळूच काढून घेतात. परत आले की पाटीखाली बसून आम्हाला हाल सांगतात.

"मैदान बरं हाय. डाव्या अंगाला जरा उतार हाय, पन झाकता येईल. मानसं बोलकी. पानी मचूळ. घरात समदं ठीक, फक्त एक म्हातारा तापट दिसतो." तापट म्हातारा म्हणजे मैदानाचा राखणदार.

मग निवतं. निवतं म्हणजे तोंडी आमंत्रण, प्रत्येकाच्या दारात उभं राहून. व्हॉट्सअपवर टाका म्हटलं तर ते दुखावतात. "मोबाईलवर मय्यत कळवावी. शुभकार्याला मानूस आला पायजे." खेळाडूंच्या घरी तर ते हमखास जातात आणि आईला विचारतात, पोराला नेऊ का? आमचा सोमनाथ पाथर्डीकडचा. आईबाप ऊस तोडायला गेलेले, तो मोहल्ल्यात एका खोलीत राहतो. चाचा गेले तेव्हा तो सरावाला गेलेला, दाराला कुलूप. दुसरा माणूस परत फिरला असता. चाचांनी कुलपासमोर उभं राहून निवतं दिलं, कडीला सुपारी अडकवली आणि मग फिरले. शेजारीण मला सांगत होती, "बया, कुलपाला म्हनत हुते, येतो आमी, काळजी करू नका."

टेम्पोत बसायची पद्धतसुद्धा ठरलेली. म्हातारी माणसं पुढं, देगच्या मागं. एकीत मटणाचा पुलाव, दुसरीत मसालेभात. दोन्हीचे डाव वेगळे आणि दांड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. आणि सगळ्यांत मोठी शिस्त म्हणजे रुसायची पाळी. चाचांचा अनुभव असा की मुलाकडची मंडळी निघाली की कुणीतरी रुसतंच. रुसला की उतरून जातो, उतरून गेला की गाडी थांबते. म्हणून त्यांनी रुसवा वाटून दिला. प्रत्येक खेपेला एकाची पाळी. त्यानं वाटेत कुठंही, कशावरूनही रुसायचं, बाकीच्यांनी समजूत घालायची, दोन गुलाबजाम द्यायचे, विषय संपला. बाकी कुणाला त्या दिवशी रुसायची परवानगी नाही. माझ्या संघटनेत ही पद्धत असती तर आमच्या तीन संघटना झाल्या नसत्या.

आणि हेही लिहून ठेवते, कारण पुढं कामाचं आहे. परगावचा संघ आमच्याकडं खेळायला आला की चाचा एकदम मुलीकडचे होतात. खांदे पाडून चालतात. सावलीतली जागा पाहुण्यांची, सतरंजी पाहुण्यांची, सरबत आधी पाहुण्यांना. एकदा पाहुण्यांबरोबर कुणीच आलं नव्हतं, तर चाचांनी आमच्यातल्या अर्ध्या लोकांना उठवून पलीकडं बसवलं. "जा, तिकडून वरडा." दत्तूमामा, म्हणजे आमच्या वऱ्हाडातले सर्वांत जुने आणि सर्वांत वजनदार गृहस्थ, म्हणाले, "आपल्याच पोरांच्या इरुद्ध?" चाचा म्हणाले, "इरुद्ध न्हाई रे. त्यांच्या बाजूनं." दत्तूमामांना फरक कळला नाही. मलाही कळला नव्हता. चाचांचं एकच टुमणं असे: "गोल झाला तर वरडायला आपलं मानूस पायजे." आम्ही म्हणायचो, चाचांचं वेड.

तर तो रविवार.

चाचांनी श्रीरामपूरच्या यजमान मंडळाला आठवडाभर आधी फोनवर निरोप दिला होता: आमचं वऱ्हाड येतंय, जानवशाची सोय बघा. पलीकडचा माणूस "बरं बरं" म्हणाला. घाईत असलेला माणूस काहीही ऐकून "बरं बरं" म्हणतो. पण चाचांच्या दृष्टीनं शब्द झाला.

राहुरीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं आमचा टेम्पो रांगत होता. पाळी दत्तूमामांची होती, पण न्याहारीला चाचांनी अंड्यांचा रस्सा दिला आणि मामा रुसायचंच विसरले. श्रीरामपुरात शिरलो तर चौकात छातीला रिबिनीचं फूल लावलेला एक तरुण मोटारसायकलवर उभा. त्यानं आमचं तोरण पाहिलं, टेम्पोवरची नगरची पाटी पाहिली, ताशा पाहिला.

"नगरचे ना? लई उशीर केला राव! चला माझ्या मागं."

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खजील व्हावं. आदल्या दिवशी मीच म्हणाले होते की यजमान मंडळ हिंग लावून विचारणार नाही.

"बघ करवले. शब्दाची मानसं हायत."

मोटारसायकल एका मंगल कार्यालयाच्या दारात थांबली. आमच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं गेलं. पेढे आले. सरबत आलं. एका माणसानं दत्तूमामांना खुर्चीवर बसवून फेटा बांधायला घेतला. मला संशय आला होता, मी चाचांची बाही ओढत होते, पण चाचा त्या सगळ्याकडं भरल्या डोळ्यांनी बघत होते.

"फुटबॉलला अशी मानसं पायजेत," ते म्हणत होते. "बघितलं का, मैदान हितं मागंच हाय. आधी मानपान."

तेवढ्यात सोनेरी काठाचं उपरणं घेतलेले एक उंच गृहस्थ हात जोडत आले. ते नवरीचे मामा होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी चाचांना वाकून नमस्कार केला आणि आदबीनं विचारलं, "नवरदेव कुठं आहेत?"

"त्ये फुडं गेले," चाचा म्हणाले.

"पुढं? कुठं?"

"मैदानावर. अकरा हायत."

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले. "अकरा?"

"आन तीन राखीव."

मी खूप मोर्चे पाहिले आहेत, लाठ्या उगारण्याआधीची शांतता पाहिली आहे. अशी शांतता पाहिली नाही. मांडवात बसलेल्या साऱ्या बायका आमच्याकडं बघत होत्या. फेटा बांधणारा दत्तूमामांच्या डोक्याभोवती अर्ध्या वेढ्यात थांबला. आणि दाराबाहेर खरं वऱ्हाड हॉर्न वाजवत येऊन उभं राहिलं.

मी पुढं होऊन खुलासा केला. मला वाटलं, आता हाकलतील. नवरीच्या मामांनी ऐकलं, आमच्या पिवळ्या सदऱ्यांकडं पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. दत्तूमामा मुकाट्यानं फेटा उलगडून परत द्यायला लागले तर म्हणाले, "असू द्या पाहुणे. डोक्यावरचं परत घेत नाहीत आमच्यात." त्या माणसाचे आभार मी इथं छापून मानते. ते त्यांना पोचतील न पोचतील.

निघताना चाचा मांडवाच्या खांबापाशी रेंगाळले. तिथला मंडपवाला बबनराव म्हणून होता. दोघांनी एकमेकांच्या गाठी तपासल्या, सुंभ ओढून पाहिलं, माना डोलवल्या. चार वाक्यांत ओळख पक्की.

मग आम्ही मैदानावर पोचलो, आणि फाटक लागलं.

आता माझं ऐका. मी त्या माणसाकडं लेखी आदेश मागितला. तो म्हणाला, "लेखी न्हाई ताई, तोंडी हाय." कुठल्याशा सामन्यात दोन गावांची बाचाबाची झाली म्हणून या मंडळानं ठरवलं, पाहुण्यांची माणसंच नकोत. भांडण एकाचं, शिक्षा दुसऱ्याला, कागद कुठंच नाही. याला मनमानी म्हणतात. मी तिथंच घोषणा सुरू केली. ताशावाल्यानं साथ धरली. दत्तूमामा फेट्यासकट फाटकाला भिडले. आणि आत शिट्टी वाजली. सामना सुरू झाला होता.

चाचा घोषणा देत नव्हते. शिट्टी ऐकून त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. देगची सांडली तरी हसणारा माणूस. ते भिंतीला कान लावून उभे होते.

"आपली पोरं एकली हायत आत," ते म्हणाले. "करवले, तुझं भांडान लई लांबचं हाय. ते कर तू, पन उद्या. आज बांबू पायजेत."

मंडपवाल्यांत एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. परगावच्या मंडपवाल्यानं बांबू मागितले तर नाही म्हणायचं नाही. देणारा विचारत नाही कशाला. परत करणारा मोळीला आपल्या हातची एक जादा गाठ मारून देतो, म्हणजे ऋण सुटलं. चाचांनी दत्तूमामांना पिटाळलं. थोड्या वेळानं गल्लीतून बांबू येताना दिसले. पुढं बबनराव, मागं त्याची माणसं, आणि त्यांच्या मागं उपरणं खोचलेले नवरीचे मामा, एक बांबू स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

"मुहूर्ताला वेळ आहे," ते म्हणाले. "आणि मला ते अकरा नवरदेव बघायचेत."

भिंतीच्या बाहेरची जागा रस्त्याची, म्हणजे सार्वजनिक. एवढी खात्री मी करून घेतली. तेवढंच माझं योगदान. बाकी काम चाचांचं. भिंतीलगत बांबूंचा माच, म्हणजे उभं राहायला उंच मचाण, उभा राहू लागला. चाचांचे हात नेहमी सावकाश चालतात, गाठ मारताना ते गप्पा मारतात. त्या दिवशी एक शब्द नाही. मध्येच आतून मोठा गलका उठला. यजमानांचा गोल. चाचांनी मान वर केली नाही, फक्त सुंभ जास्त जोरात आवळलं.

"चाचा, हात सोलतोय तुमचा," मी म्हटलं.

"सोलू दे. आपला गोल व्हायच्या आधी वर गेलं पायजे."

आपला गोल! आमचा संघ मागच्या कित्येक सामन्यांत गोल करायचं विसरला होता. पण हे त्या माणसाला सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

माच पुरा झाला तेव्हा चाचा सगळ्यांत आधी वर चढले, मग मी. भिंतीपलीकडं मैदान दिसलं. तिन्ही बाजूंना यजमानांची गर्दी, आणि चौथ्या बाजूला, जिथं आम्ही असायला हवं होतं, तिथं रिकाम्या खुर्च्या. आमची पोरं मान खाली घालून खेळत होती. बाकीचे लोक अजून शिडीवर होते, आणि तेवढ्यात उजवीकडून चेंडू आला, सोमनाथ मध्ये घुसला आणि त्यानं तो जाळ्यात मारला.

मैदान गप्प झालं. सगळंच्या सगळं. सोमनाथनं धावता धावता हात वर केले, रिकाम्या खुर्च्यांकडं वळला आणि त्याचे पाय मंदावले. हात खांद्यापर्यंत खाली आले.

"सोमनाथ!"

चाचांना एवढा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. भोंग्याशिवाय.

"ए सोमनाथ! बगितलं रे! आमी बगितलं! झाला, झाला गोल!"

पोरानं वर पाहिलं. भिंतीवर एक टोपी, एक ओढणी, मग एक फेटा, मग एक सोनेरी काठाचं उपरणं. खाली ताशा वाजायला लागला. नवरीचे मामा, श्रीरामपूरचे, श्रीरामपूरवर झालेल्या गोलसाठी घसा फोडून ओरडत होते. सोमनाथ तिथून थेट भिंतीपर्यंत पळत आला आणि दोन्ही हातांनी भिंत बडवायला लागला. त्याच्या मागं बाकीचे दहा.

मी ओरडत होते, म्हणून चाचांकडं उशिरा लक्ष गेलं. ते आता ओरडत नव्हते. बांबूला धरून, सोललेल्या हातानं, सोमनाथच्या तोंडाकडं बघत होते.

सामना आम्ही हरलो. दोन-एक. बांबू सोडले, मोळी बांधली, जादा गाठ मारून बबनरावाला दिली. गल्लीत टेम्पोशेजारी सतरंजी टाकून जेवलो. फाटकवाल्यालाही चाचांनी ताट पाठवलं. मी विरोध केला, तो नोंदवला गेला नाही.

परतताना ऊन कललं होतं, कारखान्याच्या मळीचा वास येत होता. मी टेम्पोत मागं, देगच्यांजवळ, चाचांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं की उद्याच पत्रक काढते.

"काढ. पन त्यांची बदनामी नको. मुलीकडचे हायत."

"चाचा," मी जरा चिडूनच म्हटलं, "तुम्ही एवढं हात सोलून घेता ते कशासाठी? एका गोलला टाळ्या वाजवायला?"

त्यांनी देगचीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "मी बी खेळायचो."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. चाचींनीही नाही.

"लई न्हाई. राखीव हुतो. काष्टीला गेल्तो एकदा, बाजारतळावर मॅच हुती. आमच्यातला एक जन लंगडला, मला आत घातला. आन माझ्याकडनं गोल झाला. डोक्यानं." त्यांनी टोपीवर बोट ठेवलं. "जिंदगीत एकच."

"मग?"

"मंग काय. समदं गप. तुडुंब मानसं, पन आवाज न्हाई. मी हात वर केले, मंग खाली घेतले. मला वाटलं, काईतरी चुकलं. रेफ्रीला जाऊन इचारलं, झाला का? त्यो म्हनला, झाला. घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हनले, कुनी बगितला?"

टेम्पो खड्ड्यातून गेला, देगच्या वाजल्या. त्यांनी हात ठेवून त्या थांबवल्या.

"आपलं कुनी नव्हतंच तितं. टीममदली पोरं बी आता न्हाईत, कुनी गेली, कुनी कुटं हायत ठावं न्हाई. आता कवा कवा मला सोताला वाटतं, करवले, झाला हुता का खरंच?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला घोषणा असते, याला नव्हती. दत्तूमामा पुढून ओरडले की आपल्या रुसायच्या पाळीचे गुलाबजाम राहिले, आणि चाचा उठून त्यांची समजूत घालायला गेले.

मी त्या दिवसापर्यंत अन्याय म्हणजे कुणीतरी काहीतरी हिसकावून घेणं एवढंच समजत होते. ज्याचं काही हिसकावलं नाही, फक्त ज्याच्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही, त्याचं काय, हे मला चाचांनी शिकवलं. आणि त्यांनी स्वतःला जे मिळालं नाही ते आमच्या प्रत्येक पोराला मिळावं म्हणून तोरण बांधलं, पुलाव शिजवला, कुलपाला निवतं दिलं. मेहबूबचाचा, तुमचं नाव छापू नका म्हणाला होतात, छापते आहे. मी तुमची ऋणी आहे. रागवायचं तर रागवा, गुलाबजाम आणून ठेवते.

फाटक लावणाऱ्यांशी माझं भांडण चालूच आहे, ते मी बघून घेईन. मागणी तुमच्याकडं आहे. तुमच्या गावच्या मैदानावर येत्या सुट्टीला कुठलं तरी परगावचं पोरगं खेळायला येईल, आणि त्याच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतील. तुम्ही उठा. मैदान ओलांडून पलीकडं जा आणि तिथं बसा. त्यानं गोल केला, तुमच्याच संघावर केला, तरी उभे राहा आणि त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगा की झाला, आम्ही बघितला.